चारयारी रुपयाची पारख

काशीराम पोतदारांच्या हातात जुनं नाणं पडलं की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. समोर नवखा माणूस असला तर त्याला वाटायचं, झालं, म्हातारा लागला पेंगायला! पण पेंगत-बिंगत नसत हो ते. रत्नागिरीत खालच्या आळीतल्या आपल्या पडवीत बसल्या बसल्या ते खुशाल सुरतेच्या बंदरात हिंडून येत, दाभोळच्या पेठेत घटकाभर उभे राहत, कुणा बादशहाच्या टांकसाळीत घणाखालची चांदी बघत. मग डोळे उघडत, घसा खाकरत आणि सांगत, "थैलीत नव्हे, कुणाच्या तरी कनवटीला राहून झिजलंय हे." आणि ते खरं निघायचं.

धंद्याने सोनार, घराण्याने पोतदार. पूर्वी खजिन्यात येणारी नाणी खरी की खोटी हे पारखायचं काम त्यांच्या पणजोबांकडे होतं. आता सरकारी छापाचा रुपया आला, तो कोण कशाला पारखतोय? पण मुंबईला एक पारशी शेठ होते, त्यांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. कोकणात कुठं विहीर खणताना, कुठं बांध घालताना काही सापडलं की ते आधी पोतदारांच्या हाताखालून जायचं आणि मगच शेठकडे. पोतदारांनी चिठ्ठीवर एक शब्द लिहिला की शेठ पुन्हा भिंग लावत नसत.

शब्द तरी कसले, सगळे घरचे! टांकसाळीतून निघालं आणि कुठंतरी पुरलेलंच राहिलं, ते कोरं. ज्याची अक्षरं सरळ वाचता येतात ते बोलकं. अक्षर आहेसं वाटतं पण लागत नाही, ते पुटपुटं. आणि पार गुळगुळीत झालेलं ते मुकं. शेठना कोरं हवं असायचं. पोतदारांचा जीव मात्र पुटपुट्यात. "कोऱ्याला काय विचारायचं? त्यानं जग बघितलंय कुठं?" असं म्हणायचे. पण म्हणून चिठ्ठीवर पुटपुट्याचं कधी बोलकं झालं नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. त्या बाबतीत म्हातारा अगदी फणसासारखा, वरून काटेच काटे.

त्यांचं एक वैरही होतं, आणि ते रत्नागिरीतल्या यच्चयावत बायकांशी! लक्ष्मीपूजन आलं की घरोघरची जुनी नाणी आमसुलाच्या पाण्यात बुडायची, चुलीतली राख आणि नारळाचं सोडण घेऊन खसाखसा घासली जायची आणि लख्ख होऊन पाटावर बसायची. देवीपुढे काळं नाणं कसं मांडायचं? पोतदार कपाळावर हात मारून घेत. "अगो, तो मळ नव्हे, ते नाण्याचं वय! शंभर वर्षांचं पूट घटकाभरात घालवता?" पण ऐकतंय कोण. खुद्द त्यांच्या दमयंतीने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासऱ्यांची अकरा नाणी घासून चकचकीत केली होती. त्याला पस्तीस वर्षं झाली, तरी अजून आश्विन लागला की पोतदार पेटीची किल्ली कमरेला बांधून झोपत.

तर ही गोष्ट बत्तीस सालची. पौषातली दुपार होती. भाट्याच्या खाडीवरून गार वारा येत होता, परड्यातली पोफळ उगाच डोलत होती, आणि सगळी आळी जेवून सुस्त झाली होती. पोतदारही झोपाळ्यावर अर्धे जागे, अर्धे कुठे तरी. तेवढ्यात पायरीशी कुणी तरी येऊन उभं राहिलं.

"काका, जागे हाव नी?"

खाडीकाठच्या राजिवड्याची मैमुना होती. सुंभ वळायची आणि घरोघर विकायची, त्यामुळे आळीतलं एकेक दार तिच्या ओळखीचं. आज मात्र डोक्यावर भेंडोळं नव्हतं. मूठ तेवढी घट्ट मिटलेली होती.

"ये गो बाय. काय आणलंस?"

तिने मूठ उघडली. आत पदराच्या चिंधीत गुंडाळलेला एक चांदीचा रुपया होता, शहाजहान बादशहाच्या वेळचा. एका अंगाला चौकटीत कलमा आणि भोवती चार यारांची, म्हणजे पैगंबरांच्या चार सोबत्यांची नावं, दुसऱ्या अंगाला बादशहाचं नाव. चारयारी म्हणतात त्याला. दर्यावर जाणारे मुसलमान खलाशी असा रुपया ताईतासारखा जवळ बाळगतात. पोतदारांनी आधी उठून हात धुतले, धोतराला पुसले, मग तो रुपया घेतला. घेतला मात्र आणि ओरडले, "हे काय केलंस! घासलास?"

"घासला," मैमुना खाली बघत म्हणाली.

"आमसुलानं?"

"व्हय."

"आणि राख?"

"राख पण."

"रांगोळीच तेवढी राहिली का मग?" पोतदार तडकले. "अगो, तुम्ही बायका ना, चंद्र हाताला लागला असता तर त्यालाही घासून डाग काढले असते!"

एरवी मैमुना हसली असती. आज हसली नाही. पडवीच्या खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "काका, रागवा मागाहून. आधी सांगा, हा गनीचा हाय काय?"

तेव्हा पोतदारांचा राग कुठल्या कुठे गेला.

गनी तिचा नवरा. पाच वर्षांमागे तो ह्याच पडवीत, ह्याच जागी येऊन बसला होता, आईने दिलेला चारयारी रुपया दाखवायला. शेठ चांगली किंमत देतील म्हणून कुणी तरी सांगितलं होतं त्याला. बोलता बोलता अंगठा सारखा बादशहाच्या नावावर फिरवत होता, कलम्याची बाजू खाली, बोटांवर. पोतदारांनी त्याला झापलं होतं, "अरे बाबा, असा चोळू नकोस, बोलकं नाणं आहे, मुकं करशील!" गनी ओशाळून हसला होता. म्हणाला होता, "आई गेली तेव्हापास्नं ही खोडच लागली, काका. हात मोकळा असला की चैनच नाय पडत." आणि मग विकायचं नाही म्हणून उठून गेला. पुढच्या साली तो ज्या फत्तेमारीवर, शिडाच्या गलबतावर, होता ती मस्कतच्या वाटेवर वादळात सापडली. फत्तेमारी गेली, माणसं गेली, राजिवड्यातल्या चार घरांत एकाच दिवशी रड उठली.

मैमुनाने चार वर्षं काढली. बेपत्ता नवऱ्याची वाट बघायची काझींनी सांगितलेली मुदत पुरी झाली. तिचा भाऊ अस्लम गलबतावरचा तांडेल, माणूस सरळ. बहिणीने जन्मभर सुंभ वळत बसावं हे त्याला बघवेना. त्याने जैतापूरचा एक दुकानदार बघितला, बिजवर पण भला. येत्या शुक्रवारी निकाह. आणि हाच अस्लम गेल्या महिन्यात मस्कतहून येताना बहिणीला म्हणून एका सराफाच्या ताटातून हा रुपया घेऊन आला होता.

"काळाकुट्ट होता," मैमुना सांगत होती. "निकाहाच्या ताटात असा कसा ठेवायचा? म्हणून विहिरीवर नेला नी घासायला बसले. घासता घासता बोटाला कडेची खाच लागली. आमच्या रुपयाला तशीच खाच होती. काका, माझा हात तिथंच थांबला."

"मग?"

"अस्लमला सांगितलं. तो म्हणतो, येडी की काय, असे रुपये मस्कतला शेकड्यांनी, नी खाच काय एकालाच असते? पण शेवटी म्हणाला, पोतदार काकांनी लिहून दिलं तर ऐकीन." तिने रुपयाकडे बोट केलं. "रुपया गनीचाच असला तर तो दर्यात बुडाला नाय. नी तो जिता असला तर माझा निकाह कसा होईल, काका?"

सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते असं. पोतदारांच्या हाताला सवय होती. रुपया तळव्यात मिटला आणि त्यांचे डोळे मिटले.

झोपाळा हळूहळू हलत राहिला. पोफळीची सळसळ लांब गेली, तिची लाट झाली. पोतदारांना ऊन दिसलं, पांढरं, डोळे दिपवणारं, आणि पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या. उघड्या काळ्या डोंगरांच्या कुशीत बंदर होतं. खजुराच्या करंड्या उतरत होत्या, कुणी तरी मोठ्याने गात होतं, ती भाषा कळत नव्हती पण सूर ओळखीचा वाटत होता. पायऱ्यांवर एक माणूस पाठमोरा बसलेला. खांदे उतरलेले. उजव्या हाताचा अंगठा चालूच, चालूच, जपमाळ ओढावी तसा. पोतदारांनी हाक मारली, "अरे, चोळू नकोस!" त्याने मान वळवायला घेतली, आणि झोपाळ्याची कडी करकरली.

आता स्वप्नाला काय किंमत? पोतदारांनी आपलं स्वप्न कधी चिठ्ठीवर उतरवलं नव्हतं. ते उठले आणि माजघरातून पेटी काढून आणली.

त्यांची एक रीत होती. हाताखालून गेलेल्या एकूण एक नाण्याचे दोन्ही अंगांचे ठसे ते लाखेत उठवून ठेवत, शेजारी वजन आणि तो एक शब्द. सत्तावीस सालचा गनीचा ठसा कागदाच्या पुडीत तसाच होता. दमयंतीने निखाऱ्यावर नवी लाख पातळ करून दिली. पोतदारांनी हातातल्या रुपयाचा ठसा उठवला आणि जुन्या-नव्या चकत्या उन्हात शेजारी शेजारी मांडल्या. भिंग डोळ्याला लागलं. दमयंती दारात उभी राहिली, हातात लाखेची पळी तशीच.

कलम्याचं अंग तंतोतंत. चौकटीचा कोपरा दबलेला, तिथेही दबलेला. कुणा जुन्या सराफाने चांदी तपासायला घातलेली खाच, तीही तीच, तिरकी.

"तोच आहे," पोतदार म्हणाले. "गनीचाच आहे गो."

मैमुनाने तोंडावर पदर घेतला. पण पोतदारांचं भिंग अजून हलत होतं. त्यांनी दुसरं अंग लावलं, काटा काढून रुपया तोलला, परत भिंग लावलं. बादशहाचं नाव सत्तावीस साली खणखणीत बोलत होतं. आता ते मधल्या मधे खचलं होतं, अंगठा बसेल एवढी जागा, वजनात अर्धी गुंज कमी. राखेचे ओरखडे सगळीकडे सारखे होते, पण असला खळगा राखेने पडत नाही. तो वर्षांच्या हिशेबाने पडतो.

"बोलकं होतं, ते पुटपुटं झालंय," ते हळूच म्हणाले. "फत्तेमारी बुडाल्यावरही चोळलाय त्यानं. महिना-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं. गनी त्या वादळातून वाचला होता."

"होता?" मैमुनाने एवढंच विचारलं.

तिथेच तर गाडं अडलं होतं. वाचला होता, पण आज आहे का? त्याने रुपया कधी सोडला, गेल्या दिवाळीला की तीन वर्षांमागे? हे सांगणारा एकच साक्षीदार, ते काळं पूट, आणि ते विहिरीवरच्या मोरीतून वाहून गेलं होतं. खाऱ्या हवेत चांदी दोन महिन्यांत काळवंडते. खळगा काळा असता तर रुपया खूप दिवस ताटात पडून होता. पांढरा असता तर अंगठा नुकताच उठला होता. पोतदारांना तिच्यावर पुन्हा ओरडावंसं वाटलं, आणि तिला उराशी धरावंसंही वाटलं.

"मैमुना, नीट आठव. घाई नको. घासायच्या आधी ही मधली जागा कशी होती? काळी की पांढरी?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हुशार पोर. "आधी सांगा, कुठलं उत्तर बरं?"

"ते नाही सांगायचं. बरं-वाईट नको मला, खरं हवं."

मग मैमुनानेही डोळे मिटले. दोघं तशीच बसली, म्हातारा झोपाळ्यावर, ती खांबाशी, आणि मधे उन्हात तो रुपया. एक कावळा परड्याच्या गडग्यावर येऊन बसला आणि उडून गेला. तिची बोटं मांडीवर हलायला लागली, घासत असल्यासारखी.

"सगळा काळा होता," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "कडा काळ्या, अक्षरं काळी, चार यारांची नावं तर दिसतच नव्हती. पण मधी..." बोटं थांबली. "मधी काळा नव्हता. तिथं ओशट लागत होतं. मला वाटलं, सराफाच्या हाताचं तेल असेल. निघता निघेना. म्हणून, काका, तिथंच मी जास्त घासलं."

दमयंतीच्या हातातली पळी खाली पडली.

"जिवंत आहे!" पोतदार ताडकन उठले, झोपाळा मागे जाऊन भिंतीवर आपटला. "अगो, जिवंत आहे तुझा गनी! अस्लमनं रुपया घेतला त्याच्या आधी फार तर महिना-पंधरा दिवस, तोवर हा त्याच्या हातात होता! तो ओशटपणा त्याच्याच हाताचा!"

पण मैमुना उठली नाही. तिने आपले हात समोर धरले, सुंभाने रापलेले, आणि त्यांच्याकडे बघत बसली. त्या हातांनी तिने नवऱ्याचा हात धुऊन टाकला होता. मग ती रडली. मोठ्याने, लाज न धरता, शेजारच्या घरातून कुणी तरी डोकावलं इतकी. दमयंतीने जवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

रडणं थांबलं तेव्हा तिचा चेहरा वेगळाच झाला होता. "काका, मस्कत किती लांब?"

"का गो?"

"अस्लमला वारा बरा लागला तर पंधरा दिवस. सालात दोनदा जातो तो. राजिवड्याची आणखी सात गलबतं जातात. चार वर्षं तो तिथं बसून रुपया चोळत होता, नी एकाही गलबतावर चढला नाय." तिने नाक पुसलं. "मेला असता तर माझा राहिला असता."

आजारी असेल, पोतदार म्हणाले. कुठं अडकला असेल, पाय गेला असेल, लाज वाटली असेल. "नाण्याला ठाऊक आहे तेवढंच मला कळतं, बाय. पुढचं नाही." आणि मग त्यांचं त्यांनाच नवल वाटावं अशी गोष्ट ते बोलून गेले. "तू म्हणशील तर मी लिहितो, हे नाणं ते नव्हे म्हणून. अस्लमचा विश्वास आहे माझ्यावर. शुक्रवारी निकाह होऊन जाईल, तू जैतापूरला सुखानं नांदशील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दारातून दमयंती त्यांच्याकडे बघतच राहिली. ज्या माणसाने बापाच्या नाण्यालाही एक पायरी वर चढवलं नव्हतं, तो हे बोलत होता.

मैमुना मात्र हसली. त्या दुपारी पहिल्यांदाच. "नको, काका. तुम्ही खोटं लिहाल, मग मी खोटी नांदेन. परत ते तुमच्याच्यानं पेलायचं नाय, आठ दिवसांत अन्न तुटेल तुमचं. खरं ता लिहा."

पोतदारांनी कागद ओढला, टाक बुडवला. रुपया गनीचाच, वजन इतकं, खाच तीच, गेल्या काही वर्षांत अंगठ्याने झिजलेला, अलीकडेपर्यंत जवळ बाळगलेला. शेवटी दर्जा, पुटपुटं. खाली सही. शब्द सगळे खरे.

मैमुनाने कागद घडी करून पदरात बांधला, पण हलली नाही. "हा अस्लमला नी काझींना झाला, निकाह थांबवायला. आता एक दुसरा लिहून द्या. त्याला. अस्लम पुढच्या आठवड्यात परत मस्कतला जातोय, तो रुपया ज्या सराफाकडून घेतला त्यालाच विचारील, सापडेल कुठं तरी."

"गनीला?" पोतदारांनी नवा कागद घेतला. "सांग. ये म्हणून लिहू?"

"नाय."

"मग तलाक दे म्हणू?"

"ता पण नाय. यायचं की सोडायचं, ता त्याचं त्यानं ठरवू दे."

टाकाच्या टोकाला शाई गोळा झाली आणि कागदावर एक ठिपका पडला. खाडीवरून भरतीचा वारा आत येत होता, आणि मैमुना त्या दिशेला बघत होती, जणू दर्यापलीकडचं कुणी समोरच बसलंय.

"लिहा," ती म्हणाली. "मैमुना जिती हाय."

पोतदारांनी लिहिलं. "आणि पुढे?"

"पुढं काय? बास, तेवढंच."